मिनी ट्रेनचा फोटो: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

पावसाळा संपला, नेरळहून माथेरानची मिनी ट्रेन पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली, की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी कॅमेरा कपाटाबाहेर येतो. मुलीच्या बारशाला घेतलेला असतो आणि मुलगी आता दहावीला असते. तो कॅमेरा तुमचाच असेल, तर अभिनंदन. डोंगरातल्या त्या छोट्या गाडीचा फोटो काढायला तुम्हाला चांगली जागा हवी आहे. पुढचं सगळं खास तुमच्यासाठी.

जागा शोधायची असेल, तर आधी शोधणं बंद करा. ग्रुपवर विचारा, "भावा, स्पॉट कुठे आहे? लोकेशन टाक ना!" संपलं काम. नकाशा मुळीच उघडू नका. उघडलात तर उगाच कळेल, की नेरळ हे माथेरानच्या डोंगराच्या पूर्वेला आहे आणि गाडी बरीचशी चढण त्याच अंगाने चढते. म्हणजे सकाळचं ऊन थेट गाडीवर येतं आणि दुपार कलली, की तोच उतार डोंगराच्याच सावलीत जातो. एवढं कळलं, की पहाटेची कर्जत लोकल पकडणं आलं. तीही रविवारी! त्यापेक्षा आरामात उठा, मामलेदारची मिसळ खा, तिखट उतरेपर्यंत ताक प्या आणि मग निघा. साडेतीनला पोहोचलात तरी चालेल. काळा डोंगर, त्याच्या पुढे काळी गाडी, मागे पांढरंफटक आभाळ. अशा फोटोला हल्ली 'मूडी' म्हणतात आणि त्याला लाइकही बरे येतात.

वेळापत्रकही बघू नका. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या असतात. पावसाळ्यात तर नेरळकडून वर जाणारी वाहतूक बंदच असते, फक्त अमन लॉज या माथेरानच्या आधीच्या स्टेशनापासून माथेरानपर्यंत एवढी शटल चालते. रेल्वे हे दरवर्षी जाहीर करते, पण आधी वाचून जाण्यात कसली आली गंमत? तुम्ही भर जुलैत जुम्मापट्टीला, म्हणजे नेरळहून वर चढताना लागणाऱ्या स्टेशनावर जा. धुकं आहे, धबधबे आहेत, हिरवंगार रान आहे, ओले चकचकीत रूळ आहेत. गाडी तेवढी नाही. दोन तास छत्री सांभाळत उभे राहा आणि मग टपरीवरच्या मावशींना विचारा. "गाडी होय? ती आता पाऊस सरल्यावर, दादा," असं त्या सांगतील. शिवाय चहाचे पैसे घेतील, ते वेगळे.

गाडीचा फोटो काढायचा तर गाडीतच बसावं, असा एक मोठा मतप्रवाह ठाण्यात आहे. त्याचा जरूर आदर करा. नेरळला खिडकीपाशी रांग लावा, तिकीट मिळवा, खिडकीची जागा पटकावण्यासाठी दोन कुटुंबांशी वैर घ्या. गाडी सुटली, की सावकाश लक्षात येऊ द्या, की गाडी बाहेरून छान दिसते आणि आपण आत आहोत. घाबरायचं कारण नाही. वळण आलं, की हात, मोबाईल आणि जमल्यास अर्धं अंग बाहेर काढा. वळणाच्या आतल्या बाजूला बसला असाल, तर पुढचं इंजिन दिसतं, हे खरं आहे. पण तोवर पुढच्या प्रत्येक खिडकीतूनही एकेक हात आलेला असतो. फोटोत इंजिन कमी आणि मनगटी घड्याळं जास्त येतात. घड्याळांचे फोटो म्हणून बघितले तर वाईट नसतात.

या वाटेवर काही लोकांपासून मात्र सावध राहायला हवं. कळव्याचे एक काका मला माहीत आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते जागा बघायला जातात तेव्हा कॅमेराच नेत नाहीत! नेरळहून वर निघतात, थांबत थांबत चालतात आणि खिशातल्या चतकोर कागदावर काहीतरी लिहितात. इथे झाड आड येतं. इथे नऊनंतर ऊन. इथे उभं राहायला रुळापासून लांब पक्का खडक. विचारलं तर ऐकवतात, "अरे, गाडी यायच्या आधी फोटो ठरवायचा. ती आल्यावर फक्त बटण दाबायचं." असल्या माणसाला ग्रुपमध्ये घेऊ नये. बाकीच्यांना बिघडवतात.

त्यांचं म्हणणं तरी काय, तर ही लाइन दोन फुटी आहे, म्हणून रूळ एवढी आवळ वळणं घेऊ शकतात. गाडी मुळात चार-सहा डब्यांची. अशा वेळी वळणाच्या आतल्या बाजूला, जरा उंचावर उभं राहिलं, तर इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी कमानीसारखी एका फ्रेममध्ये बसते. बाहेरच्या बाजूला उभं राहिलात, तर इंजिनाचं नाक आणि मागे अंदाजाने गाडी. दुसरं असं, की चढ काही ठिकाणी वीसास एक इतका आहे आणि गाडी ताशी वीस किलोमीटरच्या वर जात नाही. त्यामुळे शटरचा वेग फार वाढवायची गरज नसते, एवढंच नाही, तर एका फाटकावर फोटो काढून पुढच्या फाटकावर तिच्या आधी पोहोचता येतं, कारण नेरळहून वर जाणारा गाडीरस्ता रुळांना पुन्हा पुन्हा आडवा येतो. एका गाडीचे तीन-चार वेगळे फोटो! आता हे सगळं खरं आहे, त्यामुळेच त्रासदायक आहे. सगळ्यांनी असं केलं, तर प्रत्येकाचा फोटो वेगळा येईल आणि मग कोणाचा चांगला, हे कसं ठरवायचं?

वर पोहोचलात, की माउंट बेरीला जाऊ नका. तिथून खालच्या उतारावर चढत येणारी गाडी लांबवर दिसते, बराच वेळ दिसते आणि मुख्य म्हणजे शांतपणे बघता येते. पॅनोरमा पॉइंटच्या बाजूलाही रूळ कड्याच्या अंगाने वळसा घेतात. पण दोन्हीकडे जायचं तर चालावं लागतं आणि माथेरानात मोटारींना बंदी आहे. आपण दस्तुरी नाक्याच्या पार्किंगमध्ये अर्धा तास भांडून आधीच दमलेलो असतो. शिवाय लाल माती बुटांना लागते आणि माकडं पिशवीतला वडापाव नेतात. फोटोग्राफरने एवढं सोसायचं, तर मग मोबाईलमध्ये झूम कशाला दिलाय?

त्यापेक्षा सरळ रुळावर उभे राहा. हीच खरी लोकमान्य जागा. अमन लॉजपासून माथेरानपर्यंत अर्धं गाव आणि सगळे घोडे रुळाच्या कडेनेच चालत असतात, तेव्हा तुम्हीच काय घोडं मारलंय? ट्रायपॉड दोन रुळांच्या बरोबर मध्ये रोवा, बायकोला एका रुळावर तोल सांभाळत चालायला सांगा, मुलाला दुसऱ्यावर. मागून भोंगा वाजला, की "एक मिनिट!" असा हात करा. रेल्वे कायद्याचं कलम १४७ सांगतं, की विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे अर्थातच कॅमेरा नसलेल्या लोकांसाठी असावं. चालकाने ब्रेक मारला आणि चार शब्द सुनावले, तर तोही व्हिडिओ टाका. 'हेरिटेज रेल्वेत पर्यटकांशी उद्धट वागणूक' या मथळ्याला गाडीच्या फोटोपेक्षा जास्त लोक येतात.

फ्रेम लावताना एक खबरदारी घ्या. नारिंगी जाकीट घातलेला, खांद्यावर हातोडा घेतलेला ट्रॅकमन मध्ये आला, तर त्याला बाजूला व्हायला सांगा. फोटो खराब होतो. २००५च्या जुलैतल्या पावसाने ही लाइन जागोजागी वाहून गेली, पुन्हा गाडी धावायला २००७ उजाडलं. २०१९च्या पावसाने पुन्हा तेच केलं, तेव्हा नेरळहून गाडी वर जायला २०२२चा ऑक्टोबर आला. दरडी उपसून, माती भरून, स्लीपर बदलून ही गाडी परत तुमच्या मोबाईलपुढे आणणाऱ्या माणसाला वारशाच्या फोटोत काय काम? वारसा म्हणजे इंजिन, डबे आणि शक्य असेल तर धूर.

धूर नाही, ही मोठीच अडचण आहे. वाफेची इंजिनं इथल्या रोजच्या कामातून केव्हाच गेली, आता डिझेल. पण ॲप कशासाठी आहेत? इंजिनाच्या डोक्यावर पांढरा धूर चिकटवा, भरपूर चिकटवा. वारा कुठल्या दिशेने आहे आणि धूर कुठल्या, याचा मेळ बसलाच पाहिजे असं नाही. मग आकाश जांभळं करा. खाली लिहा, 'युनेस्कोचा जागतिक वारसा'. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या तीन डोंगरी रेल्वे त्या यादीत आहेत आणि माथेरान अजून संभाव्य यादीतच थांबली आहे, हे सांगणारा एखादा आगाऊ माणूस निघतोच. त्याला ब्लॉक करा. १९०७ साली ही लाइन सुरू झाली, ती इंग्रजांनी बांधली, असंही बेधडक लिहा. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा होता आणि बांधणीमागे त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन होता, ही माहिती फोटोखालच्या दोन ओळींत मावत नाही आणि इंग्रज कसे पटकन मावतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काहीही झालं तरी ठाण्यात फोटो काढू नका. रेल्वेचा वारसा बघायला माणसाने घाट चढला पाहिजे, रांग लावली पाहिजे, निदान टोल तरी भरला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं घेऊन, एकवीस तोफांची सलामी घेऊन जी गाडी सुटली, ती जिथे येऊन थांबली, ते गाव आपलंच आहे. पण तिथे आपण रोज आठ बावीसला धक्के खातो. जिथे धक्के खाल्ले, तिथे वारसा कसला?

म्हणून कळवा-मुंब्र्याच्या मधल्या पारसिक बोगद्याकडेही बघू नका. १९१६चा, सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा, पण आपण त्यातून जाताना मोबाईलची रेंज गेली म्हणून चिडलेले असतो. मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढून वर गेलं, की खाली रूळ, गाड्या, पलीकडे खाडी असं सगळं एका नजरेत येतं, प्रवेश फुकट असतो आणि गाडी चुकली तर दोन-चार मिनिटांत दुसरी येते. इतक्या सोयीच्या जागेला स्पॉट म्हणायला जीभ रेटत नाही. १९३०पासून धावणारी डेक्कन क्वीन रोज ठाण्यातून जाते आणि आपण फलाटावर तिच्याकडे पाठ करून मिनी ट्रेनचे व्हिडिओ बघत उभे असतो. हे योग्यच आहे, असंच चालू ठेवा.

एवढं सांगूनही एखाद्या संध्याकाळी मोह आवरला नाही आणि येणाऱ्या लोकलचा फोटो काढलातच, तर निदान शटरचा वेग दोन हजाराच्या वर ठेवा, म्हणजे शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उघडेल. लोकलच्या कपाळावरचा एलईडी बोर्ड लुकलुकत असतो. डोळ्याला ते जाणवत नाही, वेगवान शटरला जाणवतं. वेग सव्वाशेच्या आसपास आणला, तर नाव पुरतं वाचता येतं, म्हणून तो तेवढा खाली आणायचाच नाही. मग बोर्डावर 'ठाणे' यातला एखादा काना आणि दोन ठिपके उमटतील, बाकी अंधार. फोटो ठाण्याचा आहे, हे कोणाला कळणार नाही आणि ग्रुपवर तुमची अब्रू राहील.