भुकटीचं काय?

'आयातशुल्क काढा, ग्राहकाला स्वस्त दूध मिळेल' हे दुधाच्या आयातीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. अहो, न्यूझीलंडहून पिशवीतलं ताजं दूध थोडंच येणार आहे? येणार ती दुधाची भुकटी आणि बटर. भुकटीवर ६० टक्के शुल्क आहे ते उगाच नाही. २०१८ मध्ये तर आयात नसतानाही जागतिक बाजारात भुकटीचा भाव पडला, निर्यात थंडावली, भुकटीसाठी दुधाची मागणी घटली आणि इथे गायीच्या दुधाचा दर कोसळला. महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांचं जुलैचं आंदोलन त्यातूनच पेटलं, राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. पुढच्याच वर्षी भारत आरसेपमधून (न्यूझीलंडसह आशिया-पॅसिफिक देशांचा व्यापार करार) बाहेर पडला, त्यात दूध उत्पादकांचा विरोधही होता. मात्र शुल्क ठेवल्याने जनावरांना घालायच्या सरकी पेंडेचा भाव, म्हणजे दूध उत्पादकाचा खर्च, काही उतरत नाही. त्यावर लेखात एक ओळ नाही!