बाटल्यांचा सव्वा महिना

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, नागपूरचा माणूस दुपारी कूस बदलायचाही कंटाळा करतो. आम्ही घर बदललं. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे धरमपेठेतला बारा वर्षांचा संसार 27 मेला उचलून बेशाला न्यायचा होता.

बाकी सामानाची मला काळजी नव्हती. काळजी होती दिवाणाखालच्या 31 बाटल्यांची. मी त्यांना ‘वाइनचं कलेक्शन’ म्हणतो. बायको ‘ते तुमचं खालचं’ म्हणते. आई काहीच म्हणत नाही, फक्त दिवाणाखाली तिचा झाडू जरा जोरात फिरतो.

वाइनला 12-13 अंश तापमान लागतं, अंधार लागतो आणि हादरे चालत नाहीत. नागपुरात 12 अंश भेटतात ते डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. मेमध्ये पारा 45 च्या आसपास बैठक मारून असतो. उष्णतेनं आतली वाइन फुगते आणि बूच वर ढकलते, हे मी वाचलं होतं. म्हणून बाटल्या बाहेर काढल्यावर आधी बुचं तपासली. नाशिकहून मोठ्या कौतुकानं आणलेल्या दोन बाटल्यांची बुचं आधीच डोकं वर काढून बसली होती. सहा उन्हाळे मी ज्याला ‘मुरणं’ समजत होतो, ते बहुधा शिजणं होतं. ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही.

पॅकर्सवाला पोरगा आला. कढईसुद्धा त्यानं नवरीसारखी गुंडाळली. दिवाणापाशी येऊन म्हणाला, “साहेब, यात काय?”

“काच.”

त्यानं एक बाटली उचलून कानाशी हलवली. “काच डुबुकडुबुक करून राहिली साहेब. दारू आम्ही नेत नाही.”

मी परवाना दाखवला. महाराष्ट्रात 1949 च्या कायद्यानं दारू बाळगायला परवाना लागतो आणि माझ्याकडे तो आजन्म आहे. त्यानं तो शांतपणे वाचला आणि परत दिला. “हा तुमचा आहे. माझ्या ट्रकचा नाही.”

म्हणजे आपलीच गाडी. (बायकोला मागे एकदा वर्ध्याला स्थायिक व्हायचं होतं. तो अख्खा जिल्हा दारूबंदीचा. त्या वेळी मी मुलांच्या शाळेचं कारण पुढे केलं होतं.)

बाटल्यांसाठी सगळ्यात चांगले खोके वाइन शॉपमध्येच मिळतात, आत पुठ्ठ्याचे बारा कप्पे असलेले. तीन रिकामे खोके घेऊन गल्लीत शिरलो. तिन्हींवर व्हिस्कीचं नाव, हाताएवढ्या अक्षरांत. समोरच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. “अगं बाई, जायच्या आधी सगळं संपवूनच टाकलं का?” मी हसलो. असं हसायला लागलं की खुलासा करायची वेळ निघून गेलेली असते.

खोके घरात आले आणि आईनं कारभार हाती घेतला. तिनं उभ्या आयुष्यात लोणच्याच्या बरण्या अमरावतीहून एसटीनं आणल्यात, एकही फुटलेली नाही. माझं थर्माकोल तिनं बाजूला सारलं. जुनी लुगडी फाडली, प्रत्येक बाटलीला मानेपासून बुडापर्यंत वेढे दिले, कप्प्यात जिथे बोट जाईल तिथे चिंध्या कोंबल्या. मग खोका धरून हलवला. “आवाज नाही आला पाहिजे. वाजलं की फुटलं समज.”

“आई, या आडव्या ठेवायच्या. बूच ओलं राहिलं पाहिजे. वाळलं की आकसतं, मग हवा शिरते.”

तिनं एक बाटली उलटीसुलटी करून पाहिली. “याले बूच कुठं आहे? हे तर खोकल्याच्या औषधावानी आहे.”

मी चष्मा लावून मोजल्या. 31 पैकी 19 ना फिरकीचं झाकण. त्यांना उभं ठेवलं काय नि आडवं ठेवलं काय, सारखंच. त्यांच्यापायी सहा वर्षं मी दिवाणाखाली पोटावर सरपटत होतो.

राहिली ती बुडबुड्यांची बाटली. तिच्यात मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. ती डिकीत ठेवायची माझी हिंमत होईना, म्हणून आईच्या मांडीवर दिली. पहाटे पाचला निघालो. नंतर गाडीचं भट्टीत रूपांतर होतं. दहा-बारा किलोमीटरच्या रस्त्यात किती गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकाला आई बाटली वर उचलून धरायची आणि खाली ठेवताना “हं, हं, झालं” म्हणायची. बायको मागे देव घेऊन बसली होती. त्यांना कुणी उचललं नाही.

बेशाच्या घरात एसी एकाच खोलीत लागला होता. आईच्या. खोके तिच्या पलंगाखाली गेले. एक थेंब सांडला नव्हता.

संध्याकाळी मी म्हटलं, एक उघडून पाहू का? मग मलाच आठवलं, “नाही, प्रवासानंतर वाइनला काही आठवडे पडून राहू द्यावं लागतं. गाळ खाली बसतो, चव जागेवर येते.”

“बाळंतिणीसारखं?” आईनं विचारलं. “मग सव्वा महिना धर.”

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले. आठवड्यांमागून आठवडे बोट खाली सरकत गेलं आणि एका चौकोनावर थांबलं. आषाढी एकादशी.

“द्वादशीला उघडू,” मी म्हटलं.

“चातुर्मास लागला ना. घरात कांदा-लसूण बंद, अन् तुझं हे चालू?” तिनं पानं उलटली, थेट नोव्हेंबरपर्यंत. “कार्तिकी झाली का काढ. तवर थंडीही पडते. या उन्हात कायले उघडता?”