उत्तर : आमच्या अंदमान स्कूबा-स्नॉर्केलिंग सहलीबद्दलच्या एक स्टारच्या अभिप्रायाला

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नील बेटावर शेवटच्या दिवशी स्कूबाची संधी समोर असताना आम्ही अडवलं, तुमच्या सासऱ्यांना ऐन वेळी पाण्यात उतरू दिलं नाही, प्रवाळ फोटोतल्यासारखे रंगीत दिसले नाहीत आणि एवढे पैसे मोजून बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहाही झाल्या नाहीत. अंदमानची तयारी करणारी बरीच कुटुंबं इथले अभिप्राय वाचतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

नीलची (आताचं शहीद द्वीप) गोष्ट आधी घेतो, कारण ती सगळ्यात गंभीर आहे. किनाऱ्यावर एकाने स्वस्तात दोन डाइव्ह करून देतो म्हटलं आणि आमच्या माणसाने ठाम नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमचं विमान होतं. दोन डाइव्ह उरकून बाहेर यायला दुपारचे अडीच वाजले असते, म्हणजे मध्ये साडेसोळा तास. पाण्याखाली दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा (जमिनीवर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो आणि त्या दाबामुळे आपण घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळत जातो. वर आल्यावर तो श्वासावाटे बाहेर पडतो, पण सावकाश. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच, म्हणजे जमिनीवरच्याहून कमी, असतो. नायट्रोजन अंगात शिल्लक असताना तिथे गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे ठणकण्यापासून हातपाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि तेही विमानात, जिथे उपचार नाहीत. साध्या एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून जास्त डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, असा जगभरचा दंडक आहे. आम्ही सगळ्यांसाठीच 24 तास धरतो.

आमच्या सहलीत आधी हॅवलॉक, मग नील आणि शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) असतो, तो याच कारणाने. विमानाआधीचा, म्हणजे नीलहून परतायचा दिवस कोरडा राहावा म्हणून सेल्युलर जेल आणि रॉस बेट शेवटी ठेवलेलं आहे. तो दिवस फुकट गेला असं तुम्ही लिहिलंय, पण सेल्युलर जेल पाहण्यात गेलेल्या दिवसाला मला तरी फुकट गेलेला म्हणवत नाही.

‘मालवणला स्कूबा केलं तेव्हा असलं काही कुणी विचारलं नव्हतं,’ असंही तुम्ही म्हणता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची पहिल्यांदा करणाऱ्यांची डाइव्ह जेमतेम काही मीटर खोल असते आणि तुम्ही घरी गाडीने परतलात, विमानाने नाही. तरी जाता जाता सांगतो, कोकणात जास्त खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढणाऱ्यांनीही मध्ये वेळ सोडायला हवा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे.

आता काकांबद्दल, म्हणजे तुमच्या सासऱ्यांबद्दल. बुकिंगच्या वेळी तब्येतीचा फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या प्रश्नापुढे ‘नाही’ आलं होतं. डाइव्ह सेंटरवर तोच फॉर्म पुन्हा भरताना काकांनी गोळी चालू असल्याचं स्वतःहून सांगितलं. त्यांनी ते सांगितलं याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला स्कूबा कायमचं बंद आहे असं मुळीच नाही, पण डॉक्टरांची लेखी परवानगी हातात असावी लागते. ती नसताना कुठल्याही चांगल्या इन्स्ट्रक्टरने त्यांना खाली नेलं नसतं. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांनाही हेच लागू आहे. साधी सर्दी असली तरी कानातला दाब सारखा करणं अवघड जातं आणि पडद्याला इजा होऊ शकते. घरच्या ज्येष्ठांच्या फॉर्मवर आपण भरभर खुणा करतो, आणि त्यामागे त्यांची हौस पुरी व्हावी हीच इच्छा असते, हे मला कळतं. पण आठवडाभर आधी कळलं असतं तर फॅमिली डॉक्टरांकडून परवानगी घेता आली असती. काकांच्या डाइव्हचे पूर्ण पैसे तुमच्या खात्यात परत केले आहेत.

प्रवाळांच्या रंगाबद्दलची तुमची निराशा अगदी खरी आहे. पाणी सगळ्यात आधी तांबडा रंग शोषून घेतं. पाच-सहा मीटरवरच लाल गोष्टी काळपट-राखी दिसू लागतात, मग नारिंगी जातो, आणि खाली उरतो निळा-हिरवा. जाहिरातीतले फोटो दिवे किंवा फिल्टर लावून काढलेले असतात. शिवाय जिवंत, निरोगी दगडी प्रवाळ बहुधा तपकिरीच असतं, कारण त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा तो रंग. समुद्र फार तापला की प्रवाळ ते शैवाल टाकून देतं आणि पांढरं पडतं. अंदमानात 2010 मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, 2016 मध्ये पुन्हा झालं. मेलेल्या भागावर मग राखी शेवाळ चढतं. हॅवलॉकच्या एलिफंट बीचच्या उथळ पाण्यात तुम्हाला जे ‘नुसते दगड’ वाटले, त्यांतलं बरंच असं होतं. ते पाहून मलाही दर वेळी वाईट वाटतं, आणि म्हणूनच आमची माणसं प्रवाळावर उभं राहू देत नाहीत, तुकडा उचलू देत नाहीत. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, सामानात सापडलं तर गुन्हा होतो.

पाणी गढूळ होतं, त्याचं कारण तारखा. मोसमी पाऊस केरळात 1 जूनच्या सुमारास येतो, पण अंदमानात तो साधारण 20 मेच्या आसपासच पोचतो. तुम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात. मुलांच्या सुट्टीमुळे दुसरा पर्याय नव्हता हे ठाऊक आहे आणि तेव्हा फोनवर आपलं यावर बोलणंही झालं होतं. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथलं पाणी वेगळंच असतं.

बाराटांगसाठी पहाटे तीनला निघून जिरकाटांगच्या चेकपोस्टवर, जारवांच्या राखीव जंगलातून एकत्र सोडल्या जाणाऱ्या गाड्यांच्या ताफ्याची वाट बघावी लागते, अख्खा दिवस जातो. पाण्यासाठी आलेल्या कुटुंबाला मी तो दिवस हॅवलॉकवरच द्यायला सांगतो. तुम्ही दाखवलेल्या स्वस्त कोटेशनमध्ये तोच एक दिवस हॅवलॉकचा कापला होता.

तुमची थोरली लेक वर आल्यावर इन्स्ट्रक्टरला पुन्हा कधी येता येईल विचारत होती, असं आमच्या माणसाने सांगितलं. तिला खरंच शिकायचं असेल तर ओपन वॉटर कोर्सचा (स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राचा) अभ्यास आणि तलावातला सराव इथे पुण्यात करून, समुद्रातल्या चार डाइव्ह हॅवलॉकला पूर्ण करता येतात. त्यासाठी 200 मीटर पोहता यायला हवं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगता यायला हवं. ती आत्तापासून पोहायला लागली तर फेब्रुवारीपर्यंत सहज जमेल. काकांनाही तेव्हा यायचं असेल तर डॉक्टरांना दाखवायचा कोरा फॉर्म आजच पाठवतो.