स्लाइड नंबर १७

शनिवारी रात्री पावणेअकराला पोरीच्या फोनवर कॉलेजच्या ग्रुपचा मेसेज पडला. "मॉड्यूल वन कम्प्लिटेड. पीपीटी अपलोडेड. इंटर्नल ऑन मंडे." झालं! सोमवारी कॉलेजची अंतर्गत परीक्षा. डबल इंटिग्रल, ट्रिपल इंटिग्रल, ऑर्डर बदलणं, बीटा-गॅमा, सगळं कम्प्लिटेड. कुणाचं कम्प्लिटेड? डबल इंटिग्रलवर वर्गात दोन तास झाले, त्यातला एक फेस्टच्या मीटिंगनं खाल्ला.

रविवारी सकाळी पोरगी वही घेऊन समोर. मी मास्तर नाही, बेळगावात उद्यमबागेत कारखान्यात क्वालिटीला आहे, पण गणित दिसलं की हात शिवशिवतात. पीपीटी उघडली. ४२ स्लाइड. स्लाइड नंबर १७ वर एक डबल इंटिग्रल. सीमा अशा, बाहेर एक्स ० ते १, आत वाय एक्सपासून १ पर्यंत, आणि मधे ईचा घात वायवर्ग. पुढची ओळ, "चेंजिंग द ऑर्डर, वुई गेट". त्याखाली थेट उत्तर, ई वजा १ भागिले २. आकृती नाही. अरे, आकृती हाच तर सगळा खेळ! ईचा घात वायवर्ग हे फंक्शन वायनं साधं सरळ इंटिग्रेट होतच नाही, म्हणून तर ऑर्डर बदलायची. त्रिकोण काढायचा, आडवी पट्टी घ्यायची, एक्स ० ते वाय होतो, आतून एक वाय बाहेर पडतो आणि गणित लोण्यासारखं सुटतं. फळ्यावर दोन मिनिटांचं काम. पण एक रेघ मारायचे कष्ट कोण घेणार? कोपऱ्यात कॉलेजचा लोगो मात्र ४२ वेळा, रंगीत.

पोरीनं काय केलेलं? आतलं बाहेर, बाहेरचं आत. उत्तरात आकडा यायचा तिथं एक्स उभा. "पप्पा, सगळ्यांचं हेच आलंय, म्हणजे बरोबर असेल की." सीमाभागात जन्म काढला आणि सीमा लावता येईनात. (हा विनोद मी घरात तिसऱ्यांदा केला. याहीवेळी कुणी हसलं नाही.)

समोरच्या बिल्डिंगमधली तिची मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात. तीच व्हीटीयू, म्हणजे बेळगावचं तंत्रज्ञान विद्यापीठ, तोच अभ्यासक्रम, पाच मॉड्यूल, प्रत्येकी २० मार्क, शेवटी पेपरही तोच. तिथले सर मात्र बीटा-गॅमात असे रमलेत की गॅमा ऑफ हाफ म्हणजे रूट पाय हे पोरांना झोपेतही येतं, आणि वेक्टर कॅल्क्युलसचं अजून नाव नाही. एकाची राणी चन्नम्मा एक्सप्रेस, दुसऱ्याची मिरज पॅसेंजर, आणि उतरायचं दोघांना एकाच स्टेशनात, एकाच दिवशी. पुण्यातला पुतण्या तिकडच्या विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नचा, त्याला पहिल्या सेमलाच फूरिये सिरीज होती. आमच्याकडं पहिल्या सेमला पेडल इक्वेशन, म्हणजे वक्ररेषेचं एक समीकरण. मी आयुष्यात पेडल सायकलचंच मारलं, आणि पंधरा वर्षं कारखान्यात कुणी दुसरं मागितलंही नाही.

मुळात रड अकरावीपासूनची. महाराष्ट्रात, चंदगडच्या भाच्याच्या पुस्तकात लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन असे तीन वेगळे धडे. आमच्या कर्नाटकात फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीलाच, सगळं मिळून एक, तोही मार्च जवळ आल्यावर. दहावीपर्यंत मराठी शाळेत स्पर्शिका म्हणणाऱ्या पोरीला एका सुट्टीत टँजंट म्हणायला लावलं, तेही ठीक. पण सेकंड पीयूला इंटिग्रेशन शिकवायच्या वेळी क्लासवाले म्हणाले, करायचंच कशाला, चारी पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढा, जे जुळेल ते काळं करा. सीईटीला ८० मिनिटांत ६० प्रश्न, त्यांचंही काय चुकलं म्हणा. पण नंतर डबल इंटिग्रलला पर्याय कुठून आणायचे? आणि ते "एव्हरीबडी अंडरस्टूड?" विचारून उत्तराची वाट न बघता लेझर पॉइंटर पुढं सरकवणारे... जाऊ दे, बीपी वाढतं.

तर मी म्हटलं, थांब, बाप दाखवतो. जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली, पट्टी घेतली, झकास त्रिकोण काढला. आडवी पट्टी, सीमा, सगळं ऐटीत. वीस मिनिटं झाली, चहा गार, ईचा घात वायवर्ग तसाच छातीवर बसलेला. एक वजा वाय असं काहीतरी भलतंच शेजारी आलेलं. मी पेन्सिलला टोक करायचं नाटक करतोय, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "पप्पा, वाय एक्सपेक्षा मोठा आहे नव्हं? मग त्रिकोण रेषेच्या वर की."

मी खालचा काढला होता.

आतून बायको म्हणाली, "कॉलेजला फोन करून भांडणार होता ना?" आमच्या वेळी व्हीटीयू नव्हतं, ते १९९८ चं. पेपर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा असायचा, आणि माझं मॅथ्स टू दोनदा राहिलं होतं. हे घरात आजवर कुणाला माहीत नव्हतं. काल कळलं.

आज संध्याकाळी पोरगी इंटर्नल देऊन आली. स्लाइड १७ चंच गणित, आकडेसुद्धा तेच. आणि खाली ठळक अक्षरात सूचना, 'आकृती काढणे सक्तीचे, २ मार्क'.