‘वसईचा नाताळ’ सहलीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. मग २४ डिसेंबरला तुमच्या गाडीवर असलेल्या आमच्या सहलीच्या माणसाला समोर बसवून त्या संध्याकाळची सगळी हकीकत पुन्हा ऐकली. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

तुम्ही एक तारा दिलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माणशी १,४५० रुपये घेतले, जाहिरातीतला दिव्यांचा बोगदा कुठेच दिसला नाही, दोन तास घोडबंदर रस्त्यावर गेले, स्वच्छतागृहावाचून सासूबाईंचे हाल झाले, गोठे, म्हणजे ख्रिस्तजन्माचे देखावे, अर्धवट होते, साडेनऊपासून घरं बंद व्हायला लागली, आणि गाववाल्यांनी पैसे घेऊनही मुलांना अंगणात धड उभं राहू दिलं नाही.

शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळं खरं आहे.

आधी फोटोचं सांगतो, कारण सगळी गडबड तिथूनच झाली. तो बोगद्याचा फोटो वसईचा नव्हता. जाहिरात करताना इंटरनेटवरून घेतलेला होता. मला तो दाखवला गेला होता आणि ‘छान दिसतोय’ म्हणून मीच तो जाऊ दिला. तो बघून मुलांना घेऊन निघालेल्या माणसाने वसईतल्या गिरीज गावाच्या वळणावर उतरून ‘बोगदा कुठाय?’ विचारलं तर त्यात त्याचं काय चुकलं? फोटो त्याच दिवशी काढून टाकला आहे. यापुढे जाहिरातीत आम्ही स्वतः वसईत काढलेलेच फोटो असतील, मग ते थोडे अंधारे आले तरी चालतील.

आता गोठ्यांचं. इथे माझी चूक फोटोपेक्षा मोठी आहे. वसईत नाताळच्या दिवसांत घराघरांपुढे आणि रस्त्याच्या कडेला गावातली पोरं ख्रिस्तजन्माचे देखावे उभे करतात, त्यांनाच गोठे म्हणतात. बांबू, पेंढा, माती, वर चांदणी आणि दिव्यांच्या माळा. आपली मुलं दिवाळीत किल्ला करतात तशीच ही हौस आहे. आपण किल्ल्यावर हळीव नाही तर मोहरी पेरतो, तशी गिरीजमधल्या एका काकूंनी नारळाच्या करवंट्यांत नाचणी पेरली होती आणि बोटभर हिरवळ आल्यावर त्या करवंट्या गोठ्यापुढे कुरण म्हणून मांडल्या होत्या. या देखाव्याची सुरुवात संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी केली, असं सांगतात. तिथे त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून ठेवलं होतं. वसईतल्या ख्रिस्ती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केळी, भाजी, फुलं पिकवली, दावणीला गुरं बांधली. त्यांना गोठा कसा असतो हे कुणी शिकवावं लागलं नाही.

तुम्हाला गोठे अर्धवट वाटले, कारण त्यांत बाळ येशू नव्हता. मारिया होती, योसेफ होता, मेंढरं होती, आणि मध्ये गवताची रिकामी गव्हाण. ताई, ती त्या संध्याकाळी रिकामीच असायची. बाळ ठेवतात ते २४ तारखेच्या मध्यरात्री, जन्माच्या वेळेला. त्या रात्री मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, सगळी घरं चर्चकडे निघतात, म्हणून दारं लागत होती आणि माळा बंद होत होत्या. तुम्ही वर्षातल्या नेमक्या अशा संध्याकाळी तिथे होतात जेव्हा यजमान स्वतःच बाहेर पडायच्या घाईत असतात. आणि तो दिवस निवडला मी! ‘ख्रिसमस ईव्ह’ म्हटलं की गाडी लवकर भरते, हे त्यामागचं खरं कारण. तारीख चुकीची निवडली, आणि वर गाडीत हे कुणी समजावूनही सांगितलं नाही. रिकाम्या गव्हाणीचा अर्थ गाडीतच कळला असता, तर मुलांनी ती वेगळ्या नजरेने बघितली असती.

पुढच्या वर्षापासून २४ आणि २५ तारखेला आमची गाडी वसईत जाणार नाही. २६ ते ३० डिसेंबर एवढेच दिवस. तोवर गव्हाणीत बाळ आलेलं असतं, पाहुणेरावळे ओसरलेले असतात आणि लोक निवांत बोलतात.

घोडबंदरची कोंडी माझ्या हातात नाही, पण ठाण्याहून निघायची वेळ माझ्याच हातात होती. साडेपाचला निघून गायमुखच्या घाटात अडकायचं हे ठाण्यातल्या माणसाला ठाऊक नसावं असं नाही. यापुढे गाडी साडेतीनला सुटेल. मग वसईच्या किल्ल्यात उजेडी थोडं फिरता येईल. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेला तो किल्ला मुलांना शाळेच्या पुस्तकातून माहीत असतो. आणि अंधार पडेपर्यंत गावात शिरता येईल.

सासूबाईंची मी मनापासून माफी मागतो. सत्तरीच्या बाईला पाऊण तास अवघडून बसावं लागलं, शेवटी एका घरात विनंती करून सोय करावी लागली. हे वाचताना मला माझी आई डोळ्यांसमोर आली. सहलीत वयस्कर माणसं आहेत हे आम्हाला बुकिंगच्या वेळी माहीत होतं, तेव्हा यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. गावात शिरण्याआधी हॉटेलवर वीस मिनिटांचा थांबा आता वेळापत्रकात पक्का केला आहे.

शेवटची गोष्ट मात्र मला खोडावीच लागेल. माझ्यासाठी नाही, ज्यांच्या अंगणात आपण गेलो त्यांच्यासाठी. गाववाल्यांनी गोठे दाखवायचा एक पैसाही घेतलेला नाही, आणि कधीच घेत नाहीत. तुम्ही भरलेल्या रकमेतून त्यांच्याकडे गेलं ते फक्त फुगे आणि कुलकुल या तळलेल्या नाताळच्या खाऊचे आणि सुकेळीच्या पाकिटांचे पैसे. त्या दोन घरांतल्या बायका दोन दिवस तळण करत बसल्या होत्या, त्याचा तो मोबदला. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, ती तुमच्या मुलांना आवडली असं तुम्हीच लिहिलंत, वाचून बरं वाटलं. बाकी गोठा, रोषणाई, माळांचं वीजबिल, रात्र रात्र जागून केलेलं काम, हे सगळं त्यांच्या घरचं आहे.

मुलांना अंगणातून बाजूला व्हायला सांगितलं ते आमच्या माणसाने, घरच्यांनी नव्हे. चौघं-पाच जण मांडवाच्या दोऱ्या ओलांडून आत गेले होते आणि खालून विजेची वायर गेली होती. त्याने आवाज चढवला, तो चढवायला नको होता, हे मी त्याला सांगितलं आहे. पण थांबवलं ते बरोबर केलं, असं मला आजही वाटतं. तिकीट काढून जायची ती बाग नाही, लोकांची राहती घरं आहेत ती. हेसुद्धा मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ‘लाइट शो’ हा शब्द आमच्या जाहिरातीत होता, तोही काढला आहे.

तुमच्या कुटुंबाचे पैसे, तीन मोठ्यांचे ४,३५० आणि दोन मुलांचे १,८००, असे एकूण ६,१५० रुपये तुम्ही भरले त्याच खात्यावर आज परत पाठवले आहेत. निम्मे परत करावेत असं आमच्याकडे एकाचं मत होतं. मला ते पटलं नाही. तुम्हाला जे दाखवतो म्हणालो ते दाखवलं नाही, तर पैसे ठेवायचे कशाचे? त्यासाठी अभिप्राय बदलावा किंवा काढावा अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. तो तसाच राहू द्या, पुढे येणाऱ्यांना उपयोगी पडेल.

एक निरोप तेवढा द्यायचा राहिला. करवंट्यांत नाचणी पेरणाऱ्या त्या काकूंना तुमची धाकटी ‘बाळ कुठे गेलं?’ म्हणून विचारत होती. त्या तिला ओसरीवर घेऊन गेल्या, कपाट उघडून कापसात गुंडाळलेली वितभर मूर्ती तिच्या तळहातावर ठेवली, आणि ‘बारा वाजेपर्यंत झोपलाय’ म्हणाल्या. तुम्ही तेव्हा सासूबाईंसाठी धावपळ करत होतात, तुमच्या नजरेतून हे सुटलं असेल. परवा मी त्यांच्याकडे हिशेब द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मुलीची आठवण काढली. त्यांचा गोठा ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत उभा आहे. जमलं तर दुपारच्या लोकलने वसई रोडला या, स्टेशनवर मी घ्यायला येईन. त्याचे पैसे नकोत. आता बाळ गव्हाणीत आहे, तिला दाखवायचं म्हणतात काकू.