लाइट बिलावर नाव नसलेली बायको

आज नाशिकला गंगापूर रोडवर मामेभावाच्या लग्नात जेवणाच्या रांगेत उभी होते. ओळखीच्या एक काकू मागून म्हणाल्या, "धाकटी नाही आली? घरचं कार्य आणि तिला सवड नाही! तिकडे गेलं की माणसं बदलतात बाई." मी मठ्ठ्याचा ग्लास उचलला, हसले आणि पुढे सरकले. कार्यघरात तोंड कुठे उघडायचं! पण मेकअप उतरवून झाला, दागिने डब्यात गेले, तरी डोकं तापलेलंच आहे. म्हणून लिहितेय.

धाकटी म्हणजे माझी बहीण, लग्न करून यूकेत नवऱ्याकडे गेलेली. सवड होती तिला. रजासुद्धा मंजूर होती. तिच्या स्पाउस विसाचं, म्हणजे नवऱ्याची बायको म्हणून तिथे राहायच्या परवान्याचं, रिन्यूअल चालू आहे, आणि अर्ज पेंडिंग असताना यूके-आयर्लंडच्या बाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. मधल्या काळात जुना विसा संपला तरी तिथे राहता येतं, नोकरी करता येते, हे खरं. पण कुठे जायचं नाही. "मग लग्नानंतर करायचा ना अर्ज," असं सांगणारे शहाणेही भेटले. अहो, जुना विसा संपायच्या आत अर्ज जावा लागतो. आमच्या गुरुजींनी मुहूर्त होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, विचारून काढला नव्हता.

आणि अर्ज म्हणजे काय, तर ही दोघं खरंच एकत्र राहतात हे सिद्ध करा. महापालिकेचं मॅरेज सर्टिफिकेट आहे, पण त्यातून लग्न झालं एवढंच कळतं. संसार चाललाय याचा पुरावा वेगळा. गेल्या दोन वर्षांतली, एकाच पत्त्यावर दोघांच्या नावाने आलेली, निरनिराळ्या ठिकाणची सहा पत्रं. एका रात्री तिचा फोन आला, "ताई, माझ्या नावाने या घरात काहीच येत नाही गं." घर नवऱ्याने लग्नाआधीच भाड्याने घेतलेलं, त्यामुळे वीज, गॅस, कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टीच म्हणा) सगळं त्याच्या नावावर. दोघांनी खण उपसले. बँकेची स्टेटमेंट्स निघाली, दवाखान्याची पत्रं निघाली, आणि दाताच्या डॉक्टरने पाठवलेलं 'तपासणीला या' असं एक पत्र. तेवढ्यावर ती नाचायची बाकी होती. माझी बहीण बायको आहे हे तिच्या दाढेने सिद्ध केलं!

हे ऐकल्यावर आईने आमचं कपाट उघडलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतली सगळी कागदपत्रं पलंगावर मांडली. लाइट बिल आजोबांच्या नावाने, आणि आजोबा जाऊन जमाना झाला. घरपट्टी, पाणीपट्टी बाबांच्या नावाने. आईच्या नावावर निघालं ते फक्त गॅसचं कार्ड. "म्हणजे मी या घरात राहतच नाही म्हणायची," असं म्हणून ती हसली, पण दुसऱ्या दिवशी बाबांना महावितरणच्या ऑफिसात पिटाळलंच.

खोटी लग्नं लावून माणसं जातात, मान्य. तपासायला हवं, तेही मान्य. पण तपासायला इतके पैसे? एप्रिल 2025 मध्ये अर्जाची फी 1,321 पौंड झाली. वर आरोग्याचा सरचार्ज वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे अडीच वर्षांचा 2,587 आणि वर पन्नास पेन्स. सगळं मिळून साडेचार लाख रुपयांच्या घरात. तिच्या पगारातून तिथला टॅक्स कापला जातोच, तरी दवाखान्याचे पैसे वेगळे. आणि एवढं भरून मिळतं काय, तर आणखी अडीच वर्षं.

पहिल्या वेळचं आठवलं की अजून चीड येते. बहीण इथे अंबडला कंपनीत चांगल्या नोकरीत होती. पण जोडीदाराला बोलवायचं तर उत्पन्न बघतात ते तिकडच्या माणसाचं. तिचा इथला पगार हिशेबात नाहीच! तेव्हा अट वर्षाला 18,600 पौंडांची होती, ती 11 एप्रिल 2024 पासून 29,000 झाली. तिचा पहिला अर्ज त्याआधीचा, म्हणून तिला जुनीच अट लागू आहे. नंतर लग्न ठरलेल्या पोरींनी काय करायचं? कमी पगाराच्या माणसाने बायको करायचीच नाही?

इंग्रजीचं तर विचारूच नका. पहिल्या विसाला ए1 ही सगळ्यात खालची पातळी, आता त्यावरची ए2, पुढे कायमच्या परवान्याला बी1. दिवसभर ऑफिसात इंग्रजीतच बोलणाऱ्या बाईने ए2 ची परीक्षा देऊन सिद्ध करायचं की तिला साधं बोलता येतं. असो.

त्यांचा देश, त्यांचे नियम, हेही मला कळतं. गंमत एवढीच की जगात कुठल्याही भारतीयाच्या खिशातला पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेला असतो. पासपोर्टांच्या गावात राहून आपल्या लोकांना वाटतं की विसा म्हणजे एक शिक्का, मारला की झालं.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या काकूंनाही कुणी सांगितलेलं नसणार. आपणही फोटो टाकतो ते बर्फाचे नि ख्रिसमसच्या लाइटांचे, कौन्सिल टॅक्सच्या बिलाचा फोटो कोण टाकतं? आज व्हिडिओ कॉलवर मंगलाष्टकांपासून होती ती. तिकडे जेमतेम उजाडलेलं, पण नऊवारी नेसून बसली होती, आणि मामीने फोनच्या स्क्रीनवर अक्षता टाकल्या. माझा फोन अजून हळदीने पिवळा आहे.

कमेंटमध्ये "मग परत ये म्हणावं" असं कुणी लिहू नका, मी सरळ डिलीट करेन. तिचा नवरा तिथे आहे, नोकरी तिथे आहे, आणि कायमच्या परवान्याला लागणाऱ्या पाच वर्षांतली निम्मी तिने काढलीत. पुढे 'लाइफ इन द यूके' टेस्ट आहे, 24 प्रश्न, 45 मिनिटं, पास व्हायला 18 बरोबर हवेत. ती आत्तापासून ट्यूडर घराण्यातल्या जुन्या इंग्रज राजांची नावं पाठ करतेय. आणि हो, नव्या वर्षापासून कौन्सिल टॅक्सचं बिल दोघांच्या नावाने येणार आहे. नवऱ्याला तिने स्वतः समोर बसवून फॉर्म भरायला लावला.