सेन्सर आहे म्हणून तंबूची झिप लावून घेऊ नका

मिनेसोटातली तळी गोठली, की आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चौथ्यांदा आला, आणि या वेळी पाठवणारं कुटुंब पुढच्याच आठवड्यात लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकून, बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघालं आहे. म्हणून आता सविस्तर लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: "प्रोपेन हीटरची उगाच भीती घालू नका. नव्या हीटरला ऑक्सिजन सेन्सर असतो, धोका झाला की तो आपोआप बंद होतो. प्रोपेन स्वच्छ जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होत नाही. झालाच तर जड असल्यामुळे बर्फातल्या भोकातून खाली जातो. तंबूची झिप पूर्ण लावा, नाहीतर ऊब टिकत नाही. शंका आली तर ऑक्सिमीटर लावून बघा. रात्री हीटर लो वर ठेवून बिनधास्त झोपा."

मी हीटरच्या विरोधात नाही. चौदा हिवाळे मी या तळ्यांवर जातो आहे. उणे पंचवीसमध्ये उघड्या बोटांनी गळाला आमिष लावायचं, तर शेजारी हीटर लागतोच. मेसेजमधली एक गोष्ट खरीही आहे: सेन्सर असलेला हीटर हा सिलिंडरच्या डोक्यावर बसवायच्या जुन्या उघड्या हीटरपेक्षा नक्कीच बरा. पण पुढचं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातली दोन-तीन जिवावर बेतणारी आहेत.

सेन्सरपासून सुरू करू, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. या सेन्सरमध्ये हवा तपासणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही. हीटरच्या आत एक छोटी पायलट ज्योत जळत असते आणि तिच्या टोकाशी थर्मोकपल, म्हणजे उष्णता ओळखणारा छोटा भाग, असतो. तो तापलेला आहे तोवर गॅसची झडप उघडी राहते. हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून साधारण १८ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत जागा सोडते, थर्मोकपल गार होतो आणि झडप मिटते. योजना चांगली आहे. पण ती फक्त ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखते. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी गॅस तिला कळतच नाही.

आता आकडे बघा. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजलाच पाहिजे असं अमेरिकेतलं मानक सांगतं, कारण ती पातळी तेवढी वाईट आहे. ४०० पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग, ०.०४ टक्के. आणि सेन्सर कशाची वाट बघतोय? ऑक्सिजन तीन टक्क्यांनी घटण्याची, म्हणजे ३०,००० पीपीएमच्या फरकाची. ऑक्सिजन साडेवीस टक्के आहे, पायलट छान निळी जळते आहे, आणि तरी माणसं आजारी पडताहेत, असं अगदी होऊ शकतं. शिवाय तंबूशेजारी कुणी ट्रक किंवा जनरेटर चालू ठेवला आणि वाऱ्याने त्याचा धूर आत आला, तर या सेन्सरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

झिप पूर्ण लावली तर काय होतं, तेही मोजून बघू. सहा बाय सहा फुटांचा, साडेसहा फूट उंचीचा तंबू धरा. आत साधारण साडेसहा घनमीटर हवा असते. नेहमीचा छोटा हिरवा सिलिंडर एक पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा. तेवढा प्रोपेन जळायला सुमारे १.६५ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळजवळ सहा घनमीटर हवेतला सगळा. एका सिलिंडरची भूक अख्ख्या तंबूएवढी आहे. हीटर मोठा ठेवला, म्हणजे ताशी ९,००० बीटीयू (उष्णतेचं माप) वर, तर तो सिलिंडर साधारण अडीच तास पुरतो. त्या हिशेबाने तंबू खरोखर हवाबंद असेल, तर वीस-पंचवीस मिनिटांत ऑक्सिजन १८ टक्क्यांवर येईल, आणि लो वर ठेवलात तर पाऊण तासाच्या आसपास. प्रत्यक्षात कापडातून, शिवणीतून, खालच्या फटींतून हवा येत राहते म्हणून आपण वाचतो. मेसेज नेमक्या त्याच फटी बुजवायला सांगतो आहे.

"प्रोपेन स्वच्छ जळतो" हे वाक्य अर्धंच आहे. पुरेशी हवा मिळाली तर प्रोपेनपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, हे शाळेतलं समीकरण बरोबर. हवा कमी पडली, तर त्याच गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड होतो. आणि हवा कमी पडायला तंबूच हवाबंद असावा लागतो असं नाही. हीटरची हवा घ्यायची भोकं तुंबली तरी पुरतं.

हे मी स्वतः पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मिल लॅक्स तळ्यावर आम्ही तिघं होतो: मी, एक मित्र आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी. सकाळी वारा नव्हता. अकराच्या सुमारास सुटला आणि तंबूचं कापड फडफडायला लागलं. मित्राने बाहेर जाऊन तंबूच्या खालच्या झालरीवर चारी बाजूंनी फावड्याने बर्फ दाबला. मी वरच्या दोन्ही खिडक्या लावल्या. एकदम छान वाटलं. हीटरची जाळी नारिंगी तापलेली, भोकातलं पाणी काळंभोर, पोरीच्या बादलीत दोन पर्च मासे. दीड-एक तासाने ती म्हणाली, "काका, माझं डोकं दुखतंय." तिचा बाबा म्हणाला, "सकाळपासून पाणी प्यायली नाहीस. दशमी खा आधी." मलाही जरा जड वाटत होतं, ते मी पहाटे चारला उठण्यावर ढकललं. तंबूच्या दांडीला माझा आकडा दाखवणारा अलार्म टांगलेला होता. सहज नजर गेली: ८८ पीपीएम.

अलार्म वाजला नव्हता, आणि तो बिघडलेलाही नव्हता. मानकाप्रमाणे ७० पीपीएमला तो एक ते चार तासांत वाजायचा असतो. आकडा दिसत नसता, तर आम्ही आणखी तासभर तिथेच बसलो असतो.

हीटर बंद केला, पोरीला उचलून बाहेर काढलं आणि तंबू उलटवला. घरी आल्यावर हीटर उघडला, तेव्हा बर्नरकडे हवा जाणाऱ्या नळीत कोळ्याचं जाळं आणि धूळ निघाली. मार्चमध्ये गॅरेजमध्ये ठेवलेला हीटर दहा महिन्यांनी मी तसाच उचलून नेला होता. ती चूक माझी. त्या वर्षापासून पहिली फेरी निघण्याआधी हीटर अंगणात अर्धा तास पेटवून बघतो. ज्योत पिवळी दिसली, काजळी धरली किंवा जाळीवर काळे डाग राहिले, तर तो हीटर बर्फावर जात नाही.

आता ऑक्सिमीटर. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हा, कारण तो सगळ्यात शहाणा वाटतो. कोविडपासून आपल्या प्रत्येक घरात ते यंत्र आहे आणि त्यावर आपला विश्वास बसला आहे. त्या दिवशी मित्राच्या गाडीतही होतं. त्याने लगेच मुलीच्या बोटाला लावलं. ९८. "बघ, काही नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

साधा ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतो आणि रक्ताचा रंग बघून आकडा देतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट तरी घट्ट चिकटतो, आणि तो चिकटलेलं रक्तही लालच दिसतं. यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. म्हणजे रक्तात विष चढलेलं असतानाही पडद्यावर ९८ येतं. खरं काय ते रक्ताची वेगळी तपासणी केल्यावरच कळतं. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत ती झाली, पोरीचा आकडा वाढलेला निघाला आणि तिला मास्कने ऑक्सिजन दिला. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. ऑक्सिमीटरवर विसंबून आम्ही घरचा रस्ता धरला असता, तर ते तास वाया गेले असते.

मेणबत्ती पेटती ठेवा, ती विझली तरच धोका, असंही काही जण सांगतात. मेणबत्ती १७ टक्क्यांच्या आसपासही जळत राहते, आणि कार्बन मोनॉक्साइडबद्दल तीही काही सांगत नाही.

भोकातून गॅस खाली जातो, या कल्पनेवर फार वेळ घालवायला नको. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलकाच असतो आणि हवेत सगळीकडे मिसळतो. आणि ऑगरने (बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाने) पाडलेल्या भोकात पाणी काठाच्या दोन-तीन बोटं खालपर्यंत भरलेलं असतं. गॅस जाणार कुठे?

जड असतो तो न जळलेला प्रोपेन, हवेच्या दीडपट. गळती झाली तर तो तळाशी, आपल्या बुटांपाशी साठतो. सिलिंडर बदलताना वास आला तर काहीही न पेटवता आधी तंबू उघडा. पण वास येतो तो न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. "वास आला तर कळेलच" असं म्हणणारे दोन वेगळे गॅस एक धरतात.

झिप उघडली की ऊब जाते, हे वरवर पटण्यासारखं आहे, म्हणून त्याचं नीट उत्तर देतो. एक पौंड प्रोपेन जळला की जवळजवळ पाऊण लिटर पाणी वाफ होऊन तंबूत येतं. ते थंड कापडावर जमतं आणि टपटप जॅकेटवर, हातमोज्यांवर, पोरांच्या टोप्यांवर पडतं. ज्यांनी सगळं बंद करून दिवस काढला आहे, त्यांनी संध्याकाळी ओले मोजे पिळले असतील. ओल्या कपड्यात माणूस लवकर गारठतो. वरची एक खिडकी आणि खालची एक फट अशी दोन ठिकाणी हवा मोकळी ठेवली, तर वाफ बाहेर जाते, अंग कोरडं राहतं आणि हीटर मीडियमवरही पुरतो. किती चौरस इंच जागा उघडी हवी, हे हीटरच्या सूचनापत्रकात लिहिलेलं असतं. वाऱ्याची बाजू बंद आणि आडोशाची बाजू उघडी, एवढं केलं तरी ऊब फारशी हलत नाही.

रात्रीच्या झोपेबद्दल लिहिताना मला नेपाळमधलं दमण आठवतं. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळहून आलेले आठ पर्यटक गॅस हीटर लावून, दारं-खिडक्या आतून बंद करून झोपले. आठही जण गेले. त्यात चार मुलं होती. महाराष्ट्रात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने गेलेल्यांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. हा तोच कार्बन मोनॉक्साइड आणि तीच बंद जागा, फक्त इथे भिंती कापडाच्या आहेत. जागा असलेला माणूस निदान डोकं दुखतंय म्हणतो. झोपलेला काहीच म्हणत नाही. अशा हीटरच्या सूचनापत्रकातही झोपताना तो चालू ठेवू नका असं बजावलेलं असतं. बर्फावरच्या ज्या कायमच्या फिश हाऊसमध्ये (मासेमारीच्या पक्क्या खोलीत) जळणाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेर सोडणारी भट्टी असते, त्यांची गोष्ट वेगळी. तंबूत रात्र काढायची, तर हीटर बंद करून थंडीच्या मापाच्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचं.

अलार्मबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. २०१५ मध्ये आपल्याच मिनेटोन्का तळ्यावर एका बोटीत सात वर्षांची मुलगी कार्बन मोनॉक्साइडने गेली, आणि त्यानंतर मिनेसोटाने बंद केबिनच्या बोटींवर अलार्म सक्तीचा केला. आपल्या तंबूतही तो हवाच. फक्त घरच्या भिंतीवरचा काढून आणू नका. घरगुती अलार्म बहुतेक करून ४ अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानासाठी बनवलेले असतात. आरव्हीसाठी (राहायची सोय असलेल्या गाड्यांसाठी) मिळणारे जास्त थंडी सोसतात. आकडा दाखवणारा घ्या, बसल्यावर नाकाच्या उंचीला टांगा, आणि तंबू उभा होईपर्यंत त्याची बॅटरी आतल्या खिशात ऊबेला ठेवा.

आणि तंबूत दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, कुणाला मळमळलं, कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तर थकव्याचं कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग ९११ लावा आणि पहिल्याच वाक्यात "कार्बन मोनॉक्साइड" हा शब्द सांगा, म्हणजे येणारे ऑक्सिजन घेऊनच येतील. गाडी स्वतः चालवू नका. त्या दिवशी मित्र चालवायला निघाला होता. किल्ली त्याच्या हातातून तीनदा बर्फात पडली, तेव्हा आम्हाला समजलं की फक्त पोरीलाच झालेलं नाही.